शुक्रावर माणूस जगेल का?

शाळेच्या प्रोजेक्टसाठी ईशानीला घरातल्या एका मोठ्या माणसाचं मत हवं होतं : शुक्रावर माणूस जगेल का? चित्रा ओट्याशी संकष्टीच्या मोदकांचं सारण परतत होती आणि तिचं मत तयारच होतं.

"आई, तिथे फोर सिक्स्टी फाइव्ह डिग्रीज असतं."

"मी नागपूरची आहे, मला काय सांगतेस ऊन! खिशात कांदा ठेवायचा."

"शिसं मेल्ट होतं. लाइक, सूप."

"मग शिशाची भांडी न्यायची नाहीत."

"अँड ढग ॲसिडचे आहेत."

"कपडे घरात वाळत घालायचे. इथे तरी सहा महिने बेसमेंटमध्येच वाळतात ना?"

चित्राला आता जोर चढला होता. बाहेर उणे सत्तावीस होतं. शेचाळीस डिग्रीत एमएस्सीचे पेपर दिलेली आणि आज सकाळी उपाशीपोटी अख्ख्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केलेली बाई कुठल्या ग्रहाला भीक घालणार? "लिही, माणूस कुठेही जगतो. फक्त चिवट पाहिजे."

ईशानीनं मोठ्या अक्षरांत 'येस' लिहिलं. मग लॅपटॉपवर वाचत सहज म्हणाली, "ओह, अँड इट हॅज नो मून."

चित्राचं उलथनं कढईतच थांबलं. आजचा चंद्रोदय आठ चाळीसला होता आणि सकाळपासून तिनं चौदा वेळा घड्याळ पाहिलं होतं.

"चंद्र नाही? कधीच उगवत नाही?"

"नेव्हर."

"खोड ते," चित्रा म्हणाली. "तिथे माणूस उपाशी मरेल."