जैतूनचं तेल

राजीनाम्याचा कागद दिनानाथशेठनी दोनदा वाचला.

“येडा झालास काय रं, तबरेज? बाहेरच्या वाईनवरची ड्यूटी उतरनार बोलतात. कंटेनर दुप्पट येतील. नाशिकची वाईन पन थोडी थोडी बाहेर जातेय, देशात खप वाढतोय. आनि तू आत्ता सोडतोस?”

“दोह्याला तांदळाच्या गोदामात काम मिळालंय, शेठ. शुक्रवारचं विमान आहे.”

शेठनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “आईला विचारलास?”

या ऑफिसात अम्मीचा विषय निघालेला तबरेजला कधीच खपत नसे. “सांगतो,” एवढंच बोलून तो निघाला आणि पनवेलहून गावाकडे, तळ्याला जाणारी एसटी धरली.

नऊ वर्षांपूर्वी न मागता, मूळ तळ्याच्याच असलेल्या शेठचा नोकरीसाठी फोन आला होता. तेव्हापासून तो न्हावा शेव्याच्या बंदरात परदेशी वाईनचे कंटेनर कस्टममधून सोडवत होता आणि घरी सांगत होता, जैतूनचं, म्हणजे ऑलिव्हचं तेल. खोटं एकदा बोललं की ते पोसावंही लागतं. दर ईदेला तो दुकानातून तेलाच्या दोन बाटल्या विकत घ्यायचा आणि ‘कंपनीने दिल्या’ म्हणायचा. अम्मी, म्हणजे हुस्नबानू, ते गुडघ्यांना चोळायची. काम कसं चाललंय विचारलं, की वाईनचीच खबर तो तेलाच्या नावाने सांगे. आयात वाढली, निर्यात अजून चिमूटभर, लोक आता देशी मालही आवडीने घेतात. ती कौतुकाने ऐकायची आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता अम्मी हजला निघाली होती, त्याच्याच पगारावर. दारूच्या कमाईवरची हज कबूल व्हायची नाही, आणि तो गुनाह त्याच्या माथी. त्याने ठरवलं होतं, पाय धरून सगळं सांगायचं. एक वर्ष थांब म्हणायचं, दोह्याच्या हलाल कमाईवर पाठवतो. अब्बा मस्कतला बांधकामावरून पडून गेले, तेव्हापासून घरात गल्फचं नाव काढायची सोय नव्हती. तेही आजच सांगून टाकायचं होतं.

घरी बायकांची रीघ लागली होती. हजला जाणाऱ्याने निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची असते. आठवडाभर अम्मीचं तेच चाललं होतं. कोंबडीवरून झालेल्या जुन्या भांडणाची माफी शेजारच्या रंगूकाकीकडेसुद्धा मागून झाली होती.

बायका गेल्यावर तबरेज तिच्यासमोर बसला. तो तोंड उघडणार, तोच तिने हात जोडले.

“आधी मी बोलते. सगल्यांची माफी मागितली, तुझीच रायली हाय.”

“माझी कसली माफी, अम्मी? गुनाह तर मी...”

“ऐक. तुझ्या कंटेनरात तेल न्हाय, दारू असते. मला ठावं हाय.”

तबरेजने तिचे जोडलेले हात धरले. “कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. शेठकडं तुझ्या नोकरीसाठी मीच गेले होते. ते बोलले, वाईनचा माल हाय, तुमच्यात चालंल काय? मी बोलले, चालंल. खोटं बोलताना तुझं तोंड उतरायचं, ते बघून पन मी गप रायले. मक्केत तौबा करीन, पन आधी तू माफ कर.”

“पण का, अम्मी?”

तिने पदराने डोळे पुसले.

“तू तेव्हा गल्फला जायाला पासपोर्ट काढला होतास. म्हटलं, मी जहन्नममध्ये जाईन, पन माझा पोरगा गल्फला न्हाय जायाचा.”