थांबासाहेब

“बाबा, मी तुमच्याकडे राहायला येऊ का? कायमची?”

तो थांबला.

चेहऱ्यावर मेकअप उतरवायचं क्रीम थापलेलं होतं, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. मेकअपवाला कापसाचा बोळा घेऊन समोर उभा होता. त्याचाही हात हवेतच राहिला. फोनमधून मुलीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“बरं, राहू दे,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

आता, हे थांबणं म्हणजे त्याचा पोटापाण्याचा धंदा. टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेचा तो सूत्रसंचालक. स्पर्धकाने उत्तर दिलं की एक बोट वर करून तो म्हणे, “थांबा…” आणि मग गप्प. स्पर्धकाला घाम फुटे. घरोघरी लोकांचे घास हातात राहत. बोलून नाव कमावणारे पुष्कळ असतात, याने गप्प बसून कमावलं. लोक त्याला थांबासाहेबच म्हणत. बसथांब्याच्या पाटीखाली त्याला उभं करून फोटो काढायची तर कितीतरी जणांना हौस. भाजीवालीसुद्धा तराजू अधांतरी धरून त्याला “थांबा…” म्हणून दाखवी. तो हसे. दुसरं करणार काय?

घरी मात्र हसायला कोणी नव्हतं. बायको वारली तेव्हा मुलगी परगावी शिकत होती. पुढे नोकरी, लग्न, सगळं तिकडेच झालं. जेवणाच्या टेबलाशी एका खुर्चीवर तो बसे, बाकीच्या खुर्च्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मुलीच्या खोलीत त्याचे कार्यक्रमाचे कोट टांगलेले. “घर खायला उठतं हो,” असं तो मुलाखतीत सांगे, शेजाऱ्यांना सांगे, मेकअपवाल्याला तर रोजच सांगे. मुलीच्या मागे दर फोनला एकच धोशा: ये गं, बापाकडे राहा. ती दर वेळी “बघू” म्हणे. आता तिचं लग्न मोडलं होतं, सामान बांधून झालं होतं, आणि आज तिने आपणहून विचारलं होतं.

“अहो साहेब!” मेकअपवाला ओरडलाच. “इतकी वर्षं पोरीची वाट बघितलीत, आणि ती येते म्हणाली तर थांबलात काय?”

“सवय रे, मेली सवय!”

“आग लागो त्या सवयीला. आधी फोन लावा.”

त्याने लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मेकअपवाला देवासारखा समोर उभा, हलायला तयार नाही. शेवटी एकदाचा तिने उचलला.

“अगं वेडे, सवयीने थांबलो मी! जन्म गेला हेच करण्यात. थांबल्याशिवाय तोंडातून उत्तरच निघत नाही माझ्या. घर तुझंच आहे, विचारायचं काय त्यात?”

पलीकडे ती रडता रडता हसली. “बाबा, तुम्ही पण ना! मला वाटलं…”

“काय वाटलं?”

“काही नाही. रविवारी येते.”

मेकअपवाल्याने हातातल्या बोळ्याने आपलेच डोळे पुसले आणि ही गंमत सगळ्यांना सांगायला तो बाहेर धावला. थोड्याच वेळात बाहेरून हशा ऐकू आला. थांबासाहेब पोरीशी बोलतानासुद्धा थांबतात म्हणे!

तो अर्धवट पुसलेल्या चेहऱ्याने आरशासमोर बसून राहिला. कोट हलवावे लागतील. खुर्च्या रिकाम्या कराव्या लागतील. सकाळी उठेल तेव्हा घरात कोणाचा तरी आवाज असेल. निघताना कोणी विचारेल, कधी येणार? एकटेपणाचं रडगाणं गाता गाता आपल्याला तो एकटेपणाच कधी गोड लागायला लागला, हे त्याला कळलंच नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली. मुलीला सांगितलेली सवय खोटी नव्हती. पण सेटवर तो थांबे, तेव्हा उत्तर त्याला आधीच ठाऊक असे.

मघाशी ठाऊक नव्हतं.