सात नंबरची गाडी चार्ज होईना

सात नंबरची गोल्फ कार्ट सकाळपासून चार्जच घेत नव्हती. मेकॅनिक रेवती खंदारेने चार्जर बदलून पाहिला, वायरी तपासल्या, टोकांवरचा गंज घासून काढला. सगळं ठीक होतं. फक्त सीटखालची बॅटरी तापली होती आणि धपापत होती.

"जिवंत बॅटरी आजारी पडली की बाकीच्यांना लागण व्हायच्या आत जाळायची, असा नियम आहे," मैदानाचे मॅनेजर दस्तुरे म्हणाले. "न्यायला गाडी बोलावलीय मी."

याच बॅटरीला रेवतीने रोज गुळाचं पाणी पाजून वाढवलं होतं.

"साहेब, थोडं थांबा ना."

ओल्या फडक्याने ती बॅटरीची हिरवट साल पुसू लागली आणि तिचा हात थबकला. खालच्या कोपऱ्यात लिंबाएवढा कोंब फुटला होता. तिने भीत भीत मीटरच्या वायरी त्याला टेकवल्या. काटा थरथरत वर चढला.

"साहेब, आजारी नाही हो ही, बाळंत झालीय! सगळी ताकद पिल्लाकडे गेलीय!"

कारखान्याबाहेर बॅटरीला पिल्लू झाल्याचं कोणी ऐकलंही नव्हतं. दस्तुरे गुडघ्यांवर बसून बघतच राहिले. मग त्यांनी फोन करून गाडी परत पाठवली.

"आता हिला काय द्यायचं गं?"

"पाणी जरा जास्त गोड, आणि भरपूर सुट्टी."

दुपारी सगळे खेळाडू खेळ सोडून शेडकडे लोटले. दारात दस्तुरे उभे होते आणि प्रत्येकाला बूट बाहेर काढायला लावत होते.