दोन्ही बटणं बंद

टण्ण! शेवटचा स्क्रू बोटांतून निसटून स्टीलच्या वाटीत पडला, आणि तिने श्वास रोखून गादीकडे पाहिलं. ठकूने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली.

लेकीची दुपारची झोप म्हणजे दिवसातला तिचा स्वतःचा एवढाच काय तो वेळ. फार तर तासभर. तेवढ्यात गिटारचा आवाज मोठा करणारा अँप दुरुस्त व्हायला हवा होता. उद्या बँडचा सराव होता, ठकू झाल्यानंतरचा पहिलाच. चार वर्षं कपाटावर पडून असलेली बेस गिटार आत्ता कुठे खाली उतरली होती. हा सेकंडहँड अँप तिने गेल्या आठवड्यात घरी आणला. जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा, उचलणाऱ्याची कंबर मोडेल इतका जड. एका खोलीच्या घरात तो म्हणजे अंगापेक्षा बोंगा मोठा. ठकूने त्याला पहिल्याच दिवशी ‘आजोबा’ करून टाकलं. कारण तो तापायला वेळ घेई, उगाच घरघरे, आणि दहा मिनिटं बोलला की त्याचा घसा बसे.

घसा का बसतो, तेच शोधायचं होतं. तिने आजोबांना नीट बंद केलं होतं. पुढची दोन्ही बटणं खाली, प्लगही बाहेर. मग मागची फळी काढून आतला लोखंडी सांगाडा सरकवून जमिनीवर उताणा ठेवला होता. वायरींच्या गुंत्यात एका जोडाचा टाका सुटल्यासारखा दिसत होता. बोटाने हलवून बघावं असं फार वाटलं. पण आधी विचारलेलं बरं, म्हणून ती फोन घेऊन पाय न वाजवता बाल्कनीत गेली. अँप विकणाऱ्याने एका दुरुस्तीवाल्या काकांचा नंबर दिला होता.

“बंद कसा केलात?” काकांनी आधी हेच विचारलं.

“मेन, स्टँडबाय, दोन्ही बटणं बंद. प्लगही काढलाय.”

“स्टँडबाय आधी पाडलं?”

“हो. काळजी म्हणून.”

पलीकडे काकांनी हातातलं काम खाली ठेवल्याचा आवाज आला.

“ती काळजीच नडली, ताई. स्टँडबाय आधी पाडलं की कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेची बाहेर पडायची वाटच बंद. मग प्लग काढून उपयोग काय? चारशेच्या वर व्होल्ट आत दबा धरून बसलेत. हात घातला नाहीत ना?”

“नाही,” म्हणत ती वळली. गादी रिकामी होती.

ठकू आजोबांसमोर उकिडवी बसली होती. मुठीत स्टीलचा चमचा. चमच्याचं टोक वायरींपासून बोटभर वर.

किंकाळी घशापर्यंत आली, ती तिने गिळली. ठकू दचकली की हातातली वस्तू सोडते. फुटलेल्या तीन कपांनी आईला ते शिकवलं होतं. धावून जावं, तरी तेच.

“ठकूबाई, काय चाललंय?” आवाज भलताच गोड निघाला, दुसऱ्याच कोणाचा तरी वाटावा असा.

“आजोबांना औषध देतेय. घसा बसलाय ना त्यांचा!”

“झोपलेत गं ते. झोपलेल्या माणसाला औषध देतात का?”

“मला देतेस की!”

चमचा आणखी थोडा कलला. दाराची चौकट धरून ती हळूच खाली बसली, लेकीच्या उंचीला आली.

“देते. पण आधी चाखून बघते की नाही? कडू असलं तर आजोबा थुंकतील. आण, चाखते.”

ठकूने विचार केला. ठकूचा विचार संपेपर्यंत जगात दुसरं काही घडत नव्हतं. मग तिने चमचा वर उचलला, आडवा धरला, आणि नसलेलं औषध सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत ती आईपर्यंत आली.

आईने रिकामा चमचा तोंडात घेतला आणि दातांत घट्ट धरला. दोन्ही हातांनी लेकीला ओढून छातीशी धरलं.

“आई, दुखतंय.”

खाली पडलेल्या फोनमधून काका ओरडत होते. “ताई? अहो ताई!”

“आहे,” चमचा काढून ती म्हणाली. “काका, हे परत खोक्यात सरकवू का?”

“नका. सरकवताना हात लागायचा. आणि असंच ठेवलंत तर कधी उतरेल त्याचा भरवसा नाही. घरात पोर आहे ना? ऐकलं मी. मग आत्ताच रिकामा करा. साठलेली वीज हळूहळू उतरवायला रेझिस्टर लावलेली, चिमट्यांची एक वायर अँपबरोबर मिळाली असेल.”

“आहे.”

“मी सांगतो तसंच करायचं. एक हात कायम खिशात. दोन्ही हात आत गेले तर वीज काळजातून जाते. आणि आमच्याकडे हे काम एकट्याने करत नाहीत. दुकानात माझा भाऊ नुसता शेजारी उभा असतो. काम शून्य, चहा दोन. पण मी आडवा झालो, तर फोन करायला कोणी नको का? तुमच्याकडे मोठं माणूस आहे ना घरात?”

तिने ठकूला उचलून पार पलीकडच्या खुर्चीवर बसवलं. फोन जमिनीवर ठेवून स्पीकर लावला. डावा हात गाऊनच्या खिशात घातला.

“आहे,” ती म्हणाली.

ठकूने दाराकडे पाहिलं. बाल्कनीकडे पाहिलं. मग मान वाकवून खुर्चीखालीही पाहिलं.

“आई, कोण आहे?”