उतरवलेला पंखा

सकाळी तो आधी लेकीच्या खोलीत जाई, तिच्या संगणकाचं बटण दाबी आणि मगच तोंड धुवायला वळे. संगणकातला पंखा खोकल्यासारखा दोनदा अडखळे, मग त्याची घरघर सुरू होई. ती भिंतीपलीकडे पोचली की बायको उठे आणि स्वयंपाकघरात भांडी वाजू लागत. लेक परदेशी नोकरीला गेल्यापासून हा क्रम चुकला नव्हता. ती इथे असताना अष्टौप्रहर इमारतींची चित्रं करत बसायची; घरघर ऐकू आली म्हणजे पोरगी घरात आहे.

त्या दिवशी मेकॅनिक आला तो लेकीनंच धाडलेला. संगणकावरून बोलताना त्या पंख्यापुढे तुमचं बोलणं ऐकूच येत नाही, अशी तिची तक्रार होती.

"काका, हा पंखा म्हणायचा की पिठाची गिरणी?" पंखा उतरवता उतरवता मेकॅनिक म्हणाला. "आता संगणक थंड ठेवायला नळीतून पाणी फिरेल. चालू आहे की बंद, कळणारही नाही."

"कळायला नको का?" बायकोनं दारातून विचारलं.

मेकॅनिक हसला. त्याला ती थट्टा वाटली.

संध्याकाळी लेक पडद्यावर आली. "आई, अगं, शेजारी बसून बोलतेयस असं वाटतंय." मायलेकी पोटभर बोलल्या. मग पडदा काळा झाला. बायको बराच वेळ उगाच खुर्ची इकडची तिकडे सारत राहिली.

दुसऱ्या सकाळी त्यानं बटण दाबलं. दिवा लागला, बाकी काही नाही. त्याचं तोंड धुऊन झालं, तरी स्वयंपाकघरात हालचाल नव्हती. तो निजायच्या खोलीत डोकावला. बायको भिंतीकडे कूस करून पडली होती. डोळे उघडे होते.

"जाग नाही आली?"

"कधीची आलीये," ती म्हणाली. "वाट बघतेय."

तो लेकीच्या खोलीत परत गेला.

त्याचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला होता. मेकॅनिकनं कोपऱ्यात टाकलेला पंखा त्यानं उचलला, पात्यांवरची धूळ फडक्यानं पुसली, एका जुन्या रेडिओच्या अडॅप्टरला त्याच्या तारा जोडल्या आणि तो लेकीच्या टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवला. शेजारी नळ्यांतून पाणी मुकाट फिरत होतं. पंखा दोनदा अडखळला, आणि कशालाही थंड न करता फिरू लागला.

तो खोलीबाहेर आला, तेव्हा स्वयंपाकघरात पहिलं भांडं वाजलं.