बिनखुणेचे कोट

कपाटात सात कोट निघाले. सातही बाबांच्या हातचे.

बाबा वारल्यावर ती दुकानात त्यांची कात्री न्यायला आली होती. पहिल्या कोटाला टाचलेली चिठ्ठी वाचली आणि हात तिथेच थांबला. बँकेच्या साहेबांचं नाव, बाबांच्या अक्षरात. हा कोट तर साहेबांनी गेल्या वर्षीच नेला होता. बाबांनी घरी येऊन दोनदा सांगितलं होतं, एकही खूण निघाली नाही म्हणून.

"मास्तर, हे इथे कसे?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. काजं करणाऱ्या मावशींनी सुई कापडातच ठेवली.

दुकान बाबांचं, पण सोबतीला माणसं त्यांनी आपल्याहून सरस अशीच आणली होती. माझ्याहून चांगला शिवणारा शेजारी बसला तरच माझा हात सुधारेल, असं ते म्हणत. नियम एकच. शिवलेला कोट कुणाचाही असो, बाकीच्या दोघांपुढे ठेवायचा आणि त्यांनी चुकलं असेल तिथे खडूने खूण करायची. बाबांच्या पहिल्या कोटावर म्हणे खुणांमधून कापड शोधावं लागलं होतं. पुढे तीस वर्षं खुणा कमी होत गेल्या. शेवटच्या दोन वर्षांत एकही नाही.

"साहेबांनी नेला तो मी शिवला," मास्तर म्हणाले. "या बाकीच्या सहांच्या जागीही मीच दुसरे शिवून दिले. तुझे बाबा जेवायला घरी गेले की बसायचो. हात थरथरायला लागला होता गं त्यांचा."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"खडू उचलायचो," मावशी म्हणाल्या, "पण जिवावर यायचं. किती खूश होऊन घरी जायचे!"

"हो ना. घरी येऊन म्हणायचे, आता कुठे त्या दोघांच्या बरोबरीला आलो." तिने कपाटाचं दार पूर्ण उघडलं. "तुम्ही तर त्यांना केव्हाच मोडीत काढलं होतं."

"असं नको बोलूस. मान राखला आम्ही त्यांचा."

"मान गिऱ्हाइकाचा राखतात, मास्तर."

तिने साहेबांचा कोट काढला आणि अंगात घातला. खांदे दंडावर उतरले, बोटं बाह्यांत गडप झाली. टेबलावरचा खडू तिने मास्तरांपुढे धरला.

"करा खुणा."

"आता काय उपयोग, पोरी?"

"करा."

पहिली रेघ जेमतेम उमटली. दुसरी खांद्यावर. मग काखेत, मग पाठीवर, आणि प्रत्येक रेघ कापडातून तिच्या अंगाला कळत होती. मावशी चष्मा पुसत आल्या, त्यांनी कॉलर उलटून पाहिली, च् च् केलं आणि दुसरा खडू घेतला. हळूहळू कोटाच्या आत कुणी उभं आहे, हे दोघंही विसरून गेली.

"अरे शहाण्या," मास्तर कोटाला म्हणाले. त्यांचा आवाज चढत गेला. "ही काय बाही चढवलीस? तीस वर्षं काय केलंस इथे? उसव. सगळी उसव आणि पुन्हा बस."