निर्दोष आराखडा

आचार्यांनी आराखडा टेबलावर स्वहस्ते उलगडला, चारी कोपऱ्यांवर पितळी वजने ठेवली आणि घड्याळाकडे पाहिले.

"एक तास आहे तुमच्याकडे. हे आखातावरचं प्रवासी जहाज. यात दोष कुठे आहे, ते सांगायचं. घाई करू नका."

समोर बसलेल्या उमेदवार स्त्रीने मान डोलावली. जहाजबांधणीच्या त्या कार्यालयात मुख्य रचनाकारांना नावाने कोणीच हाक मारीत नसे. त्यांच्या हाताखाली दोन पिढ्या घडल्या होत्या; म्हणून ते सर्वांचेच आचार्य.

तिला घाई नव्हतीच. उत्तर तिला ठाऊक होते. ते तिच्या मामेबहिणीने, ताईने, सकाळीच सांगून ठेवले होते. ताई आठ वर्षांपूर्वी हीच परीक्षा देऊन इथे लागली आणि आता स्थैर्यविभागाची प्रमुख झाली होती. जहाज किती कलले तरी सावरेल, याचे गणित तिच्या सहीवाचून पुढे सरकत नसे.

"तासभर डोकं खुपसून बस," ताई म्हणाली होती, "आणि मग सांग, दोष नाही. त्यांचा सगळ्यात लाडका आराखडा आहे तो. खोट काढणाऱ्याला ते चहा पाजून घरी पाठवतात."

"ही लबाडी नाही का गं?"

"उत्तर बरोबर आलं की झालं. फार शहाणपणा करू नकोस. पोरीचा विचार कर."

पोरीवाचून दुसरा विचार तिच्या मनात नव्हताच. सात वर्षे तिने मालवाहू जहाजांच्या इंजिनघरात अभियंता म्हणून काढली होती. चार वर्षांची लेक आईला फोनच्या पडद्यावरची बाई म्हणून ओळखत असे. किनाऱ्यावरची ही एकच जागा रिकामी होती, आणि पुढच्या महिन्यात पस्तिशी उलटली की वयाच्या अटीने हेही दार मिटणार होते.

ताईचे मात्र तिला नेहमी नवल वाटे. जहाजे घडवणारी ही बाई आखातापलीकडच्या माहेरी जायची ती नऊ तासांचा वळसा घेऊन, बसने, मुलांनाही बरोबर घेऊन. बोटीने तीच वाट दोन तासांची. "मला बोट लागते," म्हणे. "मासोळीला पाण्याचं वावडं!" असे मामा चिडवीत, आणि सारे घर हसे.

चाळीस मिनिटे ती आराखडा पाहत राहिली. रेषा खरोखरच देखण्या होत्या. मग तिचे बोट एका लहानशा चौकोनावर थबकले. इंजिनघराला हवा पुरवणारा झरोका, जहाजाच्या उजव्या कुशीत. स्थैर्याच्या तक्त्यात त्याच्यापुढे एकच शब्द होता: बंद.

तिने तो पुन्हा वाचला. उरलेली वीस मिनिटे ती त्याच चौकोनाचे आकडे ताडून पाहत राहिली.

"वेळ संपली," आचार्य म्हणाले. "बोला."

लेकीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"दोष आहे, सर."

आचार्य खिन्न झाले. "कुठे?"

"हा हवेचा झरोका गणितात बंद धरलाय. पण इंजिन चालू असताना तो बंद करताच येत नाही. नाक दाबून माणूस किती चालेल? इंजिनचंही तसंच. समुद्रात हा उघडाच राहणार."

"बाई, या आराखड्यावर अकरा वर्षं जहाज चालतंय. बाहेरच्या दालनात सहा रचनाकार बसतात. त्या सहाही जणांनी मला सांगितलं होतं, यात दोष नाही. निर्दोषाला निर्दोष म्हणण्याचा विनय, तेवढाच मी इथे तपासतो." त्यांनी आराखड्याची कड हलकेच सारखी केली. "चहा घेऊन जा."

ती उठली नाही.

"चहा नको, सर. एकदा मोजा. मग घालवा मला."

आचार्यांनी कर्कटक उचलले. झरोक्याची पाण्यापासूनची उंची घेतली, मध्यरेषेपासूनचे अंतर घेतले, कागदाच्या कडेला भागाकार मांडला. तो खोडला. पुन्हा मांडला.

"तक्ता काय म्हणतो?" त्यांचा आवाज खाली आला होता.

"अडतीस अंश कललं तरी पाणी आत येणार नाही."

"आणि झरोका उघडा असेल तर?" त्यांनी स्वतःच आकडा वाचला. "एकोणीस."

सात वर्षांत तिने पंचवीस अंशही पाहिले होते.

आचार्यांनी फोन उचलला. "बंदर कार्यालय? आखाताची बोट सुटली? ... प्रवासी चढताहेत? उतरवा त्यांना. सगळ्यांना. ... किती? सहाशे बारा. हो, माझ्या जबाबदारीवर."

फोन ठेवून ते उभे राहिले आणि आयुष्यात प्रथमच एका उमेदवारापुढे त्यांनी मान लववली.

"चूक माझी आहे. तुमची निवड झाली. सोमवारपासून या."

तिला हसावे की रडावे, कळेना. आचार्य मात्र अजून त्या चौकोनाकडेच पाहत होते. "माझं ठीक आहे," ते पुटपुटले, "आपलं मूल कोणाला कुरूप दिसतं? पण बाकीच्यांचं काय?" आणि त्यांनी ताईला बोलावणे धाडले.

ताई आली. तिने उघडा आराखडा पाहिला, कडेचा आकडा पाहिला, बहिणीकडे पाहिले.

"बाई," आचार्य म्हणाले, "आठ वर्षं तुम्ही इथे आहात, आणि या जहाजाचं गणित दरवर्षी तुमच्या सहीने जातंय. हा झरोका तुम्हाला एकदाही कसा दिसला नाही?"

ताईने त्या चौकोनावर बोट ठेवले.

"दिसला होता, सर. परीक्षेच्या दिवशीच. बाहेर बसलेल्या सगळ्यांनाच दिसला होता."